नत्थूजींची संत्राबंदी

"आता पुढचं सांगा सर. त्या आमेरिकावाल्याचं पुढं झालं काय? तुमी मले अर्धीच गोष्ट सांगतली."

नत्थूजी सायकलीवरून उतरलेही नव्हते. एक पाय सरांच्या ओट्यावर टेकलेला, मागं कॅरियरला चुन्याची पिशवी बांधलेली. तिगावच्या आपल्या घरी रवींद्र सर पेपर वाचत बसले होते. उभी हयात पांढुर्ण्याच्या शाळेत त्यांनी इतिहास शिकवला, आता पेन्शन खातात. त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, "फुटली वाटते बंदी."

सरांना नवल वाटलं नाही. नत्थूजींना तेच जास्त लागलं.

हे नत्थूजी तिगावच्या अलीकडल्या एका लहानशा गावचे संत्र्याचे कास्तकार. बगीचा वाडवडलांचा, अंगातली रगही त्यांचीच. जवानीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात उतरायचे, पांढुर्ण्याच्या बाजूनं गोटमार, म्हणजे दोन काठच्या गावांनी एकमेकांवर गोटे मारायचा खेळ, खेळायचे. एका वर्षी सावरगावकडून आलेला गोटा डाव्या डोळ्यात बसला. डोळा गेला तो गेलाच. तेव्हापासून गोटमारीच्या दिवशी हा माणूस बगीच्यात कुदळ मारत राहतो, नदीकडे पाठ करून. त्यांच्या डाव्या अंगाला कोणी उभं राहिलं तर मान पूर्ण वळवल्याशिवाय दिसत नाही. मेलेल्या भावाचा पोरगा अंकुर लहान होता तेव्हा जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाच्या गर्दीत तो बरोबर डाव्या अंगानं चालायचा आणि बोट धरून सांगायचा, मोठे बाबा, इकडून बैल आला, इकडून गाडी आली. त्या बाजूचा डोळा म्हणजे अंकुरच होता म्हणा ना.

त्याच अंकुरला दिवाळीनंतर मंडीत थापड बसली. माल छाटताना तिथल्या बड्या व्यापारी शेठचा माणूस चांगली फळं मुद्दाम हलक्या भावाच्या छाटीच्या ढिगात टाकून राहिला होता. अंकुरनं ती उचलून परत चांगल्यात ठेवली. शेठनं भर मंडीत त्याच्या कानाखाली वाजवली आणि क्रेट रस्त्यावर उलटे करवले. फळांवरून ट्रक गेले. अंकुर घरी आला तेव्हा त्याच्या पायजम्याला रस लागला होता.

गाव पेटलं. आमच्या इकडच्या माणसाला राग आला की हात आपोआप खाली जाते, गोटा शोधत. गावातल्याच एका बगीचावाल्यानं, मंगेशनं, ट्रॉली जोडून नदीवर नेली, पोट्ट्यांनी ती काठोकाठ गोट्यांनी भरली. शेठचं गोदाम फोडायचं ठरलं. ट्रॉली निघाली तर नत्थूजी ट्रॅक्टरसमोर आडवे. गाव चिडलं, कोणी त्यांना भेकड म्हटलं, कोणी म्हटलं की बुढ्याले एकाच बाजूचं दिसते. नत्थूजी हटले नाहीत. पण नुसतं नको म्हणून जमाव मागं फिरत नाही, त्याच्या हातात दुसरं काही द्यावं लागते. ते द्यायला सर सापडले.

सरांनी गावात येऊन पारावर बसून गोष्ट सांगितली. दोनशे वर्षांमागं इंग्रजांची लढाऊ जहाजं भर समुद्रात अमेरिकेची जहाजं अडवायची आणि खलाशी ओढून न्यायची. अमेरिका तेव्हा नवखी, तिचं आरमार इतकुसं. तिथं लोक लढाई मागून राहिले होते. राष्ट्राध्यक्ष म्हणाला, लढाई नाही. आपली जहाजं बंदरातून सोडायचीच नाहीत. आपला कापूस, आपला तंबाखू, आपला गहू मिळाला नाही की इंग्रज आपोआप वठणीवर येईन. कापूस म्हटल्यावर गावाचे कान टवकारले.

मग ठरलं. शेठ भर मंडीत अंकुरपुढं हात जोडत नाही तोवर गावातलं एकही संत्रं त्याच्याकडे जाणार नाही. बाकीचे व्यापारी त्याच्याच वळचणीचे, नागपूरची मंडी आधीच तुंबलेली. म्हणजे माल झाडावरच राहणार, हे सगळ्यांना कळत होतं. तरी नत्थूजींच्या सांगण्यावरून सगळे जामसांवलीला गेले आणि मारुतीसमोर नारळ फोडून शपथ घेतली. पहिला नारळ मंगेशनं फोडला. ट्रॉलीतले गोटे अंकुरच्या आवारात उपसून ठेवले.

पण जहाज बंदरात वर्षभर उभं राहते. संत्रं राहत नाही. पिकलेलं फळ झाडावर ठेवलं की साल सुटते, आत पोकळ होते, मग एकेक करत खाली. नत्थूजींच्या बगीच्यात रोज सकाळी सडा पडायला लागला. त्यांची बायको प्रेमलताबाई पाटी घेऊन वेचायची आणि वेचता वेचता बोलायची. "एक डोया गोटमारीनं नेला, दुसरा आता आमेरिका नेऊन राहिली." नत्थूजी हसायचे. गाव एका मुठीत आहे आणि एकही गोटा उचलला गेला नाही, एवढ्यावर त्यांना झोप लागायची.

गळलेली फळं खड्ड्यात पुरावी लागतात, वर चुना टाकावा लागते, नाहीतर रस शोषणारं पाखरू लागून उरलेला मालही जाते. त्या सकाळी ते चुनाच आणायला तिगावला आले होते. परतताना रेल्वेचं फाटक बंद झालं. मालगाडी होती, लांबलचक. सायकल धरून उभे होते तर गावाला वळसा घालून आलेली एक पिकअप मागून येऊन त्यांच्या डाव्या अंगाला थांबली. वर फूलगोबीची पोती. नत्थूजींनी पाहिलं नाही, त्यांना वास आला. ताज्या तोडलेल्या देठाचा वास संत्रेवाल्याला मातीत पुरला तरी कळते. त्यांनी मान पूर्ण वळवली.

स्टेअरिंगवर अंकुर होता.

उजवीकडे मोकळी जागा होती. पोरानं गाडी आणून लावली ती नेमकी डावीकडे.

नत्थूजींनी पोत्यांखाली हात घातला. खाली क्रेट लागले. गोबी सरकवून त्यांनी एक फळ बाहेर काढलं, हातावर फिरवलं आणि परत जागच्या जागी ठेवलं. मालगाडी धडधडत होती, पळायला जागा कोणालाच नव्हती.

"कोणाकडे चालला?" त्यांनी विचारलं.

"तुमाले माहीत आहे."

"त्यानं हात जोडले का तुले?"

अंकुर खाली उतरला नाही. समोरच्या डब्यांकडे पाहत बोलला. शेठनं घरी बोलावलं, चहा पाजला, ही गाडी चालवायला देऊन आपल्या धंद्यावर घेतलं. आणि मग अंकुर म्हणाला, "थापड मी खाल्ली, मोठे बाबा. माफ करायची का नाही, ते तुमी काहून ठरवून राहिले? तुमाले तर गाव गोळा करायचं होतं. अन् मी एकटा नाही. खालचे क्रेट मंगेशच्या बगीच्यातले आहेत."

फाटक उघडलं. मागच्यांनी हॉर्न वाजवले. पिकअप गेली.

नत्थूजी सायकल वळवून सरळ सरांच्या ओट्याशी आले, ते असे.

सरांनी उरलेली गोष्ट सांगितली. जहाजं बंदरात उभी राहिली आणि खलाशी बेकार झाले. गोदामांत माल सडला. इंग्रजांनी दुसरीकडून माल घेतला. अमेरिकेचेच लोक बर्फावरून घसरगाड्या ओढत कॅनडात चोरून माल नेऊन राहिले. सव्वा वर्षात बंदी उठवावी लागली.

"अन् लढाई?"

"ती झालीच. पुढं तीन वर्षांनी."

"म्हणजे तुमाले माहीत होतं." नत्थूजींचा आवाज चढला नाही. "आमचेच लोक चोरून नेतीन, हे त्या दिवशीच माहीत होतं."

सरांनी पेपराची घडी केली. "नत्थूजी, हे सांगितलं असतं तर ती ट्रॉली थांबली असती का?"

ट्रॉली थांबली नसती, आणि म्हणूनच नत्थूजींना सरांचा राग अंकुरपेक्षा जास्त आला. आतून चहा आला होता. तो तसाच ठेवून ते निघाले.

गावात शिरले तर पारावर माणसं जमलेली. कोणाच्या तरी बगीच्यात पहाटे तोड झाल्याची बातमी फुटली होती, नाव तेवढं कळायचं होतं. ज्यांनी शपथ पाळली, ज्यांचा माल मातीत गेला, ते खवळले होते. पुढं मंगेशच, सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात, की गद्दाराचं घर ठेवायचं नाही. दोन-तीन जण अंकुरच्या आवारातल्या ढिगातून गोटे घेऊनच आले होते, आणि ढीग कोणाच्या आवारात आहे याचा विचार कोणाच्या डोक्यात नव्हता.

"नत्थूजी, तुमी तिगावहून आले. फाटकावर कोणाची गाडी दिसली का?"

नत्थूजींनी मंगेशकडे पाहिलं. मंगेशनं नजर गोट्यांकडे वळवली.

"नाही दिसली," नत्थूजी म्हणाले. "अन् आता ज्याले माल न्यायचा असन त्यानं उजेडी न्यावा. शपथ मी घ्यायले लावली, मीच सोडतो. मारुतीले मी सांगीन काय सांगायचं ते."

कोणी म्हणालं, बुढा हरला. कोणी म्हणालं, शेठनं याले विकत घेतलं दिसते. शेवटचं बोलणं ज्याचं होतं त्याची बाग पार रिकामी झाली होती, म्हणून नत्थूजींनी ते ऐकून घेतलं. गोटे मात्र हळूहळू हातातून खाली पडले. एकेक करत.

बगीच्यात प्रेमलताबाईची पाटी भरली होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचलेली. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"खरंच नाही दिसला कोणी?"

"डाव्या अंगानं गेला," नत्थूजी म्हणाले.

बांधापलीकडे अंकुरच्या वाट्याची झाडं रिकामी उभी होती, पहाटेच्या तोडीचे हिरवे देठ अजून ओले. नत्थूजींनी पिशवी सोडली, पाटी उचलून खड्ड्यात रिकामी केली आणि ओंजळीनं वरून चुना फेकला. मग पुढच्या झाडाखाली बसले आणि पडलेली फळं वेचायला लागले.