लाल पेन्सिलीचे दुवे

पाणीपुरवठा कचेरीच्या तळघरात ती अठ्ठावीस वर्षं बसली. सगळे तिला कार्डबाई म्हणत. घरी नवराही चेष्टेने तेच म्हणे. शहराखालच्या प्रत्येक व्हॉल्व्हचं एक कार्ड, अशी नऊ हजार कार्डं लाकडी खणांत उभी होती. इंजिनियरची सही झालेलं कार्ड खोडायचं नाही, हा कचेरीचा नियम. काही बदललं की नवं कार्ड करायचं. त्यामुळे एकाच व्हॉल्व्हची तीन-तीन कार्डं तीन खणांत जाऊन बसत आणि एकमेकांना ओळखही देत नसत. पहिल्याच वर्षी एका फिटरने जुनं कार्ड वाचून भलताच रस्ता खणला. त्या दिवसापासून ती कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने जोडीच्या कार्डांचे आकडे लिहू लागली. हे वाचलंस, आता ते वाच. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शाबासकीही दिली नाही. त्या कार्डांवर तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

निवृत्तीला तीन महिने उरले तेव्हा तळघर रिकामं करायचं ठरलं. तिथे नवे पंप बसणार होते. कार्डांचे फोटो काढून मजकूर संगणकात जाणार, कार्डं लगद्याला. संगणकात म्हणे एजंट बसणार. एजंट म्हणजे माणूस नव्हे. प्रश्न विचारला की आपण होऊन कागद शोधणारा, वाचणारा आणि वाचून पुढचा कागद कोणता ते ठरवणारा प्रोग्रॅम. त्याच्या हाती नेमके कागद देणारं साधन एक तिशीतली मुलगी बनवत होती. कचेरीत तिचं नावच प्रोग्रॅमरीण पडलं होतं.

"म्हणजे तो माझ्या खुर्चीत, आणि तू त्याचे खण," कार्डबाई तिला म्हणाली.

"तसंच काहीसं, मावशी. तुम्ही आता आराम करायचा."

"आराम करणारा एक आहे घरी. दोघं कुठे मावणार?"

चाचणीला साहेब आले, व्हॉल्व्हवरच्या टोळीचा मुकादम आला. साहेबांनी प्रश्न टाकला: प्रसूतिगृहाचं पाणी चालू ठेवून मागची गल्ली बंद कशी करायची? उत्तर लगेच आलं. चारशे बारा नंबरचा व्हॉल्व्ह, उजवीकडे अकरा फेरे.

मुकादम खुर्चीतून अर्धा उठला. "उजवीकडे? बाई, हा उलटा ना?"

"उलटाच. उजवीकडे जोर लावलास तर दांडा तुटेल. मग सगळी लाइन बंद, प्रसूतिगृहासकट."

तिने खाली जाऊन दोन कार्डं आणली. जुन्याच्या कोपऱ्यात लाल आकडा होता. त्या आकड्याच्या कार्डावर लिहिलं होतं, व्हॉल्व्ह बदलला, नवा डावीकडे बंद होतो. पडद्यावरच्या फोटोत जुन्या कार्डाचा तो कोपरा पांढरा होता. फोटो काढणाऱ्यांनी लाल खुणा डाग समजून साफ केल्या होत्या. नऊच्या नऊ हजार.

प्रोग्रॅमरिणीचा चेहरा उतरला. साहेब म्हणाले, "महिनाअखेरीला पुन्हा विचारतो. जमलं नाही तर हे साधन रद्द."

"आणि कार्डं?" कार्डबाईने विचारलं.

"ती तर जाणारच. पंप कारखान्यातून निघालेत."

घरी नवरा म्हणाला, "सोड की आता. तुझ्यामागे कोण बघणार आहे ते?"

"म्हणूनच," ती म्हणाली आणि पानं वाढली.

दुसऱ्या दिवसापासून दोघी तळघरात बसल्या. कार्डबाई आकडा वाची, मुलगी तो टाइप करी. पण नुसत्या आकड्यावर भागेना. "प्रत्येक दुव्याला कारण द्या, मावशी. नाहीतर एजंट वाट फुटेल तिकडे हिंडत बसेल." कारणं तिने कधीच लिहिली नव्हती, ती डोक्यात होती. आता एकेक बाहेर आलं. हे त्याला रद्द करतं. हे आधी वाचायचं. हे दोघे एकाच खड्ड्यातले. हे फक्त दाब कमी असेल तेव्हा. स्वतःचाच आवाज ऐकून ती मधूनच थांबे. एवढं सगळं आपल्याला माहीत होतं, हे तिलाही माहीत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात मुलगी आपणच कारण सांगू लागली आणि दहातली आठ बरोबर निघू लागली.

मग एक खोडलेला आकडा आला.

"हा सोडून देऊ ना?"

कार्डबाईने ते कार्ड उजेडाकडे धरलं. एकोणीस वर्षांपूर्वी तिने तो चुकीचा दिला होता. दोन गल्ल्या दोन दिवस कोरड्या राहिल्या. बोलणी एका तरुण फिटरने खाल्ली. तोच आताचा मुकादम. तिने नंतर आकडा खोडला, पण तोंड उघडलं नाही.

"लिही. हा दुवा चुकीचा. देणारी कार्डबाई."

"नाव कशाला, मावशी? कोण विचारतंय?"

"चुकलेली वाटही दिसली पाहिजे. नाहीतर तुझा एजंट हुशारी करून तीच शोधेल. आणि ती कुणाची, तेही राहू दे."

महिनाअखेरीला साहेबांनी तोच प्रश्न विचारला. एजंट चारशे बाराच्या कार्डावर गेला, तिथून नव्या कार्डावर, आणि म्हणाला: डावीकडे, सावकाश, जुन्या कार्डावरची दिशा रद्द. साहेबांनी मान डोलावली. मग मुकादम पुढे सरकला. "आता माझं विचारा," म्हणत त्याने तेव्हा कोरड्या राहिलेल्या त्याच दोन गल्ल्यांचं नाव घेतलं.

उत्तर बरोबर आलं. खाली चुकीच्या दुव्याची ओळ होती. मुकादमाने ती वाचली, पुन्हा वाचली.

"मी समजत होतो, माझ्याच ऐकण्यात चुकलं."

"तुझं नव्हतं. मी सांगायला उशीर केला."

साहेबांनी साधनाच्या मंजुरीवर सही केली. बाहेर टोळीची माणसं भिंतीला टेकून उभी होती. या नव्या यंत्रावर भरवसा ठेवायचा की नाही, तेवढंच त्यांना हवं होतं.

"विचारा काय विचारायचं ते," मुकादम त्यांना म्हणाला. "बाईंनी लिहिलंय. स्वतःलाही सोडलेलं नाही."

आत कार्डबाई ताठ बसून होती.