तोंडी हुकमाची पोच

निकमकाका माझ्या वकिलीच्या ऑफिसात आले, तेव्हा त्यांनी टेम्पोसुद्धा ठरवून ठेवला होता. भाडेकरूचं सामान उद्या सकाळी बाहेर काढायचं, एवढंच बाकी होतं.

"मॅडम, चौकीतून सांगितलंय. गांगुर्डेला काढा, नाहीतर तुमच्यावर केस."

"लेखी काही?"

"लेखी कशाला? हवालदार स्वतः घरी आला होता."

गांगुर्डे अंबडच्या एका कारखान्यात फिटर. आठवड्यापूर्वी गेटवरच्या सभेत पगारवाढीवर बोलला, एवढाच त्याचा गुन्हा. घरात बायको आणि मुलगी. मुलीची दहावीची परीक्षा चालू. करार मीच नोंदवला होता, त्याचे सात महिने शिल्लक होते. पोलीस व्हेरिफिकेशन, म्हणजे भाडेकरूची माहिती चौकीला कळवणं, तेही झालेलं.

"पाण्याचा कॉक सकाळीच बंद केलाय," काका म्हणाले. अर्धं काम उरकल्याच्या थाटात.

"आधी तो उघडा. केस झालीच तर त्याच्यासाठी होईल."

भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडणं हा घरमालकाचा गुन्हा आहे. घर खाली करून घ्यायला कोर्टाचा किंवा कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो. हवालदाराची फेरी त्यात बसत नाही. काकांनी माझ्यासमोर घरी फोन लावून कॉक उघडायला सांगितलं.

मग आम्ही चौकीत गेलो. साहेब नम्र होते.

"मॅडम, वरून आलंय."

"वरून म्हणजे कोणाकडून?"

"वरूनच."

"मग प्रत द्या. आम्ही पालन करतो."

"अहो, प्रत कसली? अशा गोष्टी समजून घ्यायच्या असतात."

वीस वर्षं वकिली करूनही मला ते जमलेलं नाही. तिथेच बाकावर बसून काकांच्या नावे अर्ज लिहिला: 'भाडेकरूस काढण्याची तोंडी सूचना आपण दिली आहे. ती कोणत्या कायद्यान्वये, हे लेखी कळवावे. प्रत: वरिष्ठ कार्यालय.' आवकच्या टेबलावरच्या बाईंनी सवयीप्रमाणे न वाचता शिक्का मारला आणि पोच हातात दिली. काकांनी पोच घडी करून खिशात घातली.

"मॅडम, तुम्ही मला आत घालणार."

चौथ्या दिवशी उत्तर आलं: 'या कार्यालयाकडून अशी कोणतीही सूचना देण्यात आलेली नाही.'

काकांनी ते दोनदा वाचलं. "मग मला दम कोणी दिला?"

"कोणीच नाही. लेखी आहे."

गांगुर्डे संध्याकाळी पत्राची झेरॉक्स न्यायला आला. "मॅडम, लॅमिनेट करून घेऊ का?"

"घ्या. आणि मुलीला अभ्यासाला बसवा."

करार संपेपर्यंत तो तिथेच राहिला. तेव्हापासून घरमालकांना मी एकच सांगते. वरून हुकूम आला, तर वाद घालू नका. लेखी मागा, शिक्का घ्या. बहुतेक वेळा भाडेकरूच्या आधी हुकूमच निघून जातो. उरलेल्या वेळी वकील लागतो.