निलेशच्या गाडीत उरलेलं ऑईल

चहा घेता घेता ऐका. माझ्या हातून जे झालं ते मीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या पूर्णा गावात लोक ते मीठमसाला लावून सांगतात.

आमचा शेजारी निलेश. मानकोलीच्या एका गोदामात सुपरवायझर. पोरगा गुणी, पण लग्न जमत नव्हतं. दोन स्थळं हातची गेलेली. तिसरं अंबाडी गावचं. रविवारी अकराला मुलगी बघायला जायचं होतं; तो, त्याची आई आणि वडीलधारा म्हणून मी. त्यांच्या घरात काही ठरतंय आणि तिथे मी नाही, असं कधी झालंय का?

त्या सकाळी बघतो तर निलेश बॉनेट उघडून उभा. हातात पंप, आणि पंपाची बारीक नळी इंजिनात.

"काय रे, गाडीला सलाईन लावलंस?"

"ऑईल बदलतोय, काका. ऑईल मापायच्या डिपस्टिकच्या भोकातून नळी घालायची आणि जुनं ऑईल वर ओढायचं. गाडीखाली झोपायला नको, कपडे खराब व्हायला नकोत."

मी वीस वर्षं टेम्पो चालवतोय, कापडाच्या गाठी वाहतोय. ऑईल बदलायचं म्हणजे गाडीखाली शिरायचं, नट खोलायचा, घमेलं लावायचं. दोन थेंब नाकात पडले की समजायचं काम झालं. हे पंपाचं लाडिक प्रकरण मला काही पटेना.

"अरे, खालचं खालीच राहणार. गाळ तळाला बसतो."

"नाही राहत, काका. नळी तळापर्यंत जाते."

"बरं. पण जुनं ऑईल मला दे. गोठ्याच्या खांबांना वाळवी लागलीय, त्यांना फासतो."

"घ्या की."

तेवढ्यात आमच्या मंडळींनी मला मच्छी आणायला पिटाळलं. परत आलो तर बॉनेट बंद, निलेश आंघोळीला, आणि गाडीजवळ काळ्या ऑईलचा कॅन. उचलून बघितला. हलका वाटला. म्हणजे, हलकाच असणार हे मी आधीच ठरवलं होतं.

म्हटलं, एवढं शुभकार्य, पोराच्या इंजिनात गाळ कशाला? पाना आणला, गोणपाट अंथरलं, पोट आत घेतलं आणि शिरलो गाडीखाली. नट खोलला तशी घमेल्यात धार लागली. चांगलं चार लिटर! आणि रंग कसा? मधासारखा.

इथे कुणालाही शंका आली असती. मला सिद्धांत सुचला. दुधावर साय येते तशी ऑईलची घाण वर येत असणार; ती याने पंपाने ओढली आणि चांगला माल खाली राहिला. घाण तळाला बसते असं सकाळी मीच म्हणालो होतो, ते तेव्हा आठवलं नाही.

नट घट्ट केला, घमेलं त्या काळ्या ऑईलच्या कॅनमध्येच ओतलं, फरशी पुसून काढली. निलेशला जाताना गाडीत सांगू म्हटलं. तेवढीच शाबासकी.

दहाला निघालो. निलेशचा पांढरा शर्ट, त्याच्या आईची, म्हणजे आमच्या वहिनींची, नवी साडी, पुढच्या सीटवर मी. किल्ली फिरवली. टक टक टक टक. समोर ऑईलचा लाल दिवा. निलेशने झटकन गाडी बंद केली आणि डिपस्टिक ओढून बघितली. कोरडी.

"आठला चार लिटर नवीन टाकलं. चालू करून बघितलं, मापाला बरोबर होतं." त्याने वाकून बघितलं. "खाली एक थेंब नाही. मग गेलं कुठं?"

मला घमेल्यातला तो मधासारखा रंग आठवला. नवीन टाकलं होतं?

वहिनी खाली उतरल्या. "गावातल्या कुणाची तरी नजर हाय. चल घरात. फोन कर त्यांना, आज न्हाय जमत म्हणून सांग."

"आई, आज नाही गेलो तर ते पुन्हा बोलावतील का?"

"नशिबात नसंल तर न्हाय."

निलेशने फोन काढला. नंबर शोधताना त्याचं तोंड असं उतरलं होतं की मला बघवेना.

"थांब," मी म्हणालो. "नजरबिजर काही नाही. ऑईल मी काढलं."

"तुम्ही?"

"थोडं उरलं होतं ना तळाला..."

"थोडं? काका, ते सगळं नवीन होतं. कुठाय ते?"

"जुन्या ऑईलच्या कॅनमध्ये. त्यातच मिसळलं."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भावजी, मी उगाच गावाला बोल लावला."

मग माझा टेम्पो काढला. केबिनमध्ये तिघं दाटीवाटीने, त्यात वाड्याला जाणाऱ्या रस्त्याचे खड्डे. निलेशच्या शर्टाची इस्त्री वाटेतच संपली. अंबाडीला पोहोचलो तेव्हा साडेबारा.

"बराच उशीर झाला," मुलीचे वडील म्हणाले. आवाजात गोडवा नव्हता.

निलेश ट्रॅफिकचं काहीतरी पुटपुटायला लागला. पण पोराचा दोष नसताना त्याने का ऐकून घ्यावं? मी पंपापासून घमेल्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. गाडीखाली कसा शिरलो ते जमिनीवर पडून करूनही दाखवलं. घरभर हशा. पल्लवी, म्हणजे मुलगी, तोंडावर हात ठेवून हसत होती.

"पल्लवी, मुलाला काही विचारायचं असेल तर विचार," वडील म्हणाले. आता तेही हसत होते.

"एकच विचारते. हे काका तुमच्या घरात राहतात?"

"नाही, शेजारी," निलेश म्हणाला.

"मध्ये भिंत आहे?"

"नाही, अंगण एकच."

"मग आधी भिंत घाला. बाकी माझी काही अट नाही."

लग्न झालं. भिंतही झाली, चांगली सहा फूट. सूनबाई गोड आहे, सणाला ताट पाठवते. माझी काही तक्रार नाही. फक्त पलीकडे काय चाललंय ते बघायला आता स्टुलावर चढावं लागतं. परवा असाच चढलो होतो, तर पलीकडून सूनबाईचा आवाज आला, "काका, जपून. स्टूल डुगडुगतंय."