जिन्याचे तीन हात

मामांची चिठ्ठी आली होती, 'जिन्याला तीन हात मारून घ्यावेत', आणि मी ते इमानेइतबारे केलं. स्वतःचा हात कोपरापासून बोटांपर्यंत लावत जिना जमिनीपासून तीन हात मोजला, कठड्यावर खडूने रेघ ओढली आणि रंगाऱ्याला सांगितलं की रेघेच्या खालचा भाग रंगवायचा. रंगाऱ्याने एकदा रेघेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कामाला लागला. मास्तरांचे पैसे रेघेपाशीच संपले असतील असं त्याला वाटलं होतं, हे त्याने पुढे सांगितलं. रंगकामात 'हात' म्हणजे एकावर एक द्यायचा रंगाचा थर, हे आमच्या भवानी पेठेतल्या कुणालाही ठाऊक होतं. मला नव्हतं. मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो.

चिठ्ठी धाडणारे हे मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. वस्तूची किंमत न विचारता तिचं आयुष्य विचारणारा असा दुसरा माणूस सोलापुरात झाला नाही. एका गिरणीत लोखंडाच्या रंगकामाचे ओव्हरसियर म्हणून त्यांची उमेदीची सारी वर्षं गेली. टाकी, जिने, छपराच्या कैच्या, जे जे गंजू शकतं ते ते त्यांच्या ताब्यात होतं. निवृत्त झाल्यावर गिरणी सुटली, पण ताबा सुटला नाही. काळ्या कोटाच्या खिशात एक जाड किल्ली असायची. तिचं कपाट कधीच विकून झालं होतं, किल्ली मात्र लोखंड वाजवून बघण्यासाठी ठेवलेली. रस्त्यातला दिव्याचा खांब असो की नव्या पेठेतल्या दुकानाचं शटर, मामा किल्लीने टक् करायचे, कान देऊन आवाज ऐकायचे आणि मान हलवायचे. भाचीबरोबर लुगडं घ्यायला गेले तरी दुकानदाराला आधी शटरची प्रकृती कळायची, लुगड्याचा भाव नंतर निघायचा. दवाखान्यात कुणाला भेटायला गेले तर पहिल्यांदा खाट वाजवायचे, मग आजाऱ्याकडे वळायचे. मामा मूळचे अक्कलकोटच्या बाजूचे. बोलायचे मराठी, पण आकडे मोजायचे कानडीत. 'ओंदु, एरडु, मूरु' सुरू झालं की समजावं, मामा आता गंमत करत नाहीत.

आमचं लग्न ठरलं तेव्हा मुलगा बघायला तेच आले होते. माझ्या तीर्थरूपांनी घर दाखवलं, माझी मास्तरकी सांगितली, पगार सांगितला. मामा वर येताना आमचा अंगणातला लोखंडी जिना वाजवत आले होते, आणि चहा घेता घेता त्यांनी निकाल दिला, "पोरगा बरा हाय, पण जिना आजारी हाय." घरी जाऊन भाचीलाही त्यांनी हेच सांगितलं. तिने होकार दिला तो या माहितीवर, असं ती अजून म्हणते.

रंगाचं त्यांचं शास्त्र साधं होतं. रंग स्वस्त, खरवडणं महाग आणि वर पोचणं त्याहून महाग. गिरणीच्या पाण्याच्या टाकीला परांची बांधायची तर बांबू, दोर आणि मजुरी मिळून रंगाच्या कितीतरी पट खर्च यायचा. मग एवढा खटाटोप करून गंजावरच हलका रंग फासायचा आणि दोन वर्षांनी पुन्हा परांची बांधायची, की एकदाच तारेच्या ब्रशने लोखंड उघडं करून, शेंदरी अस्तर आणि वर दोन हात देऊन सात-आठ वर्षं निवांत राहायचं? यासाठी ते तीस वर्षांचा हिशेब मांडायचे. साहेबाने एकदा त्यांचा कागद बाजूला सारून फक्त या वर्षाचा आकडा मागितला. मामा म्हणाले, "टाकी काय ह्याच वर्षी पाणी धरनार हाय का, साहेब?" बढती त्यानंतर मिळाली नाही. टाकी मात्र मामांच्या पद्धतीनेच रंगली, कारण साहेबाची बदली झाली.

तर माझा अर्धा जिना बघायला मामा रविवारी आले. खाली तीन हात हिरवागार, वर तपकिरी, मधे माझी खडूची रेघ. बायकोने चिठ्ठीचा मी लावलेला अर्थ त्यांना सांगितला, तेव्हा हसून हसून त्यांना पायरीवर बसावं लागलं. "जावईबापू, जिन्याला पायजमा घातला की तुमी," एवढंच ते बोलू शकले. मग उठले आणि किल्लीने पायऱ्या वाजवत वर निघाले. ओंदु, एरडु, मूरु. रेघ ओलांडल्यावर आवाज बदलला, हे मलाही कळलं. हत्तु म्हणजे दहावी झाली, आणि हन्नोंदुला टक् झालंच नाही. किल्ली पायरीत गेली.

बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता. नळ खाली अंगणात, तो पहाटे यायचा, आणि हंडा-कळशी घेऊन बायको रोज पाच-सहा खेपा घालायची. मामांनी किल्ली बाहेर काढली. तळहातावर गंजाचा भुगा पडला होता, तो ते बघत राहिले.

"ही रोज हितंच कंबर बदलती," ते म्हणाले. "हंडा ह्या कडंचा त्या कडंला घेती, पाणी सांडतंय ते हितंच. लगीन झाल्यापासनं बघतोय मी."

मी ते कधी पाहिलं नव्हतं. एवढ्या वर्षांत मीही त्याच पायरीवरून रोज दोनदा गेलो होतो, माझ्या हातात फक्त वह्यांचा गठ्ठा असायचा.

दुसऱ्या दिवशी पायरी बदलली. मग मामा अंगणात खुर्ची टाकून बसले आणि सारा जिना खरवडून त्यांनी तीन हात मारून घेतले. रंगारी म्हणाला, "मास्तर, अब की बार रेघ नक्को." काम संपल्यावर मामांनी मला एक फुलस्केप कागद दिला. जिन्याचं तीस वर्षांचं अंदाजपत्रक. दर चौथ्या वर्षी डागडुजी, दर आठव्या वर्षी खरवडून नवे हात, तेल किती, ब्रश किती, मजुरी किती, आणि शेवटचा रकाना 'देखरेख'. चौथ्या वर्षापुढे लिहिलं होतं 'स्वतः'. आठव्यापुढेही 'स्वतः'. बाराव्या वर्षापासून खाली शेवटपर्यंत 'जावईबापू'.

मी कागदावर बोट ठेवून विचारलं, बाराव्या वर्षी तुम्ही का नाही? मामा किल्ली धोतराच्या सोग्याला पुसत होते.

"अंदाजपत्रक हाय जावईबापू, नवस न्हाय."

तेल, ब्रश, मजुरी यांतला त्यांचा अंदाज फारसा चुकला नाही. चुकला तो एकाच रकान्यात. तिसरं वर्ष सरता सरता मामा गेले. आजार असा काही नव्हता. दवाखान्यात नेलं तेव्हा खाट वाजवायला हात उचलला होता, असं त्यांच्या मुलाने सांगितलं. दिवस झाल्यावर त्याने ती किल्ली आमच्याकडे आणून दिली.

चौथं वर्ष लागलं तसा मी कागद काढला. त्याच रंगाऱ्याला बोलावलं, सुट्टी टाकून अंगणात खुर्चीवर बसलो. काम झाल्यावर किल्ली घेऊन पायऱ्या वाजवत वर गेलो. मला कानडी येत नाही, पण अकरापर्यंत येतं. अकराव्या पायरीचा आवाज खणखणीत आला. वर येऊन मी पेन उघडलं, कारण मास्तर माणसाला चुकीची नोंद राहू देववत नाही. चौथ्या वर्षापुढचं 'स्वतः' खोडून माझं नाव लिहायचं होतं. बायको हंडा खाली ठेवून माझ्या खांद्यावरून बघत होती.

"अहो, राहू द्या की ते," ती म्हणाली. "मराठी शिकवता ना तुम्ही? 'स्वतः' म्हणजे जो वाचेल तो."