ब्रेंडनच्या जागी मी

रमाकांतकाका दातारांना काहीही सल्ला विचारला, की ते आधी एकच प्रश्न करायचे, "ड्राफ्ट की ट्रेड?" अंगणात रोप लावायचं की नर्सरीतून वाढलेलं झाड आणायचं, गाडी कोरी घ्यायची की वापरलेली, सगळ्याला हाच प्रश्न. अमेरिकेतल्या आमच्या अल्फारेटा गावातली मराठी माणसं मान डोलवायची आणि विषय बदलायची. मी इथे नवीन होतो, त्यामुळे पहिल्याच भेटीत बेधडक "ट्रेड" म्हणून मोकळा झालो. काकांनी हातातली प्लेट खाली ठेवली आणि मला अर्धा तास समजावून सांगितलं. मला त्यातलं काहीही कळलं नाही, पण भूक लागली होती म्हणून मी ऐकत राहिलो.

काका पंधरा वर्षं मेलबर्नला होते. तिथून नोकरीसाठी अमेरिकेत आले ते ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं वेड बरोबर घेऊन. हा खेळ लांबट चेंडूनं खेळतात, हातपाय दोन्ही चालतात, आणि गोल थोडक्यात हुकला तर त्याचाही एक गुण मिळतो. चुकल्याचे गुण कसले, हे मला अजून पटलेलं नाही. इथल्या पार्कात चार हौशी संघ होते, नऊ-नऊ जणांचे, आणि त्यातला निळा संघ काकांनी उभा केलेला. दर वसंतात नव्यानं आलेल्या खेळाडूंना चारही संघ आळीपाळीनं निवडून घेत. हा ड्राफ्ट. गेल्या वर्षी जो तळाला असेल त्याची निवड पहिली. नापास झालेल्याला पहिला नंबर, असं मी म्हटलं तेव्हा काका खूश झाले. आपली पाळी दुसऱ्या संघाला देऊन त्यांचा एखादा मुरलेला खेळाडू घ्यायचा, ती ट्रेड.

"ड्राफ्ट म्हणजे घरी लावलेलं विरजण," ते म्हणत. "ट्रेड म्हणजे दुकानातला डबा. डब्यावर तारीख तरी वाचता येते. विरजणाचं सकाळी झाकण काढल्याशिवाय काही सांगता येत नाही."

त्या वर्षी पार्कानं मैदानाचे तास कमी केले. पुढच्या वर्षीपासून तीनच संघ राहणार, आणि जो तळाला येईल तो मोडायचा, असं ठरलं. निळे सलग दोन वर्षं तळाला होते. म्हणजे काकांकडे पहिली निवड होती आणि संघ वाचवायला एकच मोसम.

निवडीच्या रविवारी काकांनी मला "नुसता बघायला ये" म्हणून पार्कात नेलं. नव्यांमध्ये कॉलेजात बास्केटबॉल खेळलेला एक ताडमाड मुलगा होता. लाल संघाच्या मॅनेजरला तो हवा होता, आणि काकांच्या पहिल्या पाळीच्या बदल्यात मॅनेजर आपला ब्रेंडन द्यायला तयार होता. ब्रेंडन इलेक्ट्रिशियन, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, लहानपणापासून हाच खेळ खेळलेला. निळ्या संघाचे सगळे काकांकडे बघत होते. काका चष्मा पुसत बसले, मग म्हणाले ट्रेड नको, आणि त्यांनी माझं नाव घेतलं.

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

खुलासा गाडीत झाला. सुलभाकाकू, म्हणजे काकांच्या पत्नी, इथल्या मराठी मंडळातल्या मुलामुलींची लग्नं जमवायच्या. माझ्या आईनं कोल्हापूरहून माझा बायोडाटा त्यांना पाठवला होता. काकूंनी त्यात शिक्षण, गोत्र आणि व्हिसा पाहिला. काकांनी पाहिलं ते, 'उंची पाच फूट अकरा इंच' आणि 'विद्यापीठ पातळीवर खो-खो'. खो-खो खेळणारा माणूस धावता धावता जागच्या जागी वळतो, तसं वळणं गोऱ्यांना शिकवून येत नाही, असं काकांचं म्हणणं होतं. उंची ही वरकमाई.

आता सगळ्या बायोडाटांत असतं तेच आमच्यातही होतं. माझी उंची पाच-आठ. आणि विद्यापीठाच्या संघाबरोबर मी एकदाच गेलो होतो, राखीव म्हणून, आणि दिवसभर सामान सांभाळलं होतं. हे मी पहिल्या सरावाला लाजत लाजत सांगितलं. काकांनी मला डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

"बायोडाटा कुणी लिहिला?"

"आईनं."

"मग तो बरोबरच असणार," ते म्हणाले. "फक्त थोडा वेळ लागेल."

ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्याऐवजी दर शुक्रवारी सकाळी ऑफिसच्या आधी ते मला घरी बोलवायचे. मेलबर्नला तेव्हा संध्याकाळची मॅच चालू असायची. काकू पोहे द्यायच्या, काका मॅच थांबवून थांबवून दाखवायचे. पंच मैदानाकडे पाठ करून चेंडू डोक्यावरून मागे का फेकतो, हे मी तीनदा विचारलं. ते तीनदा सांगायचे आणि शेवटी, "बघ, तू आज कालच्यापेक्षा कमी गोंधळलायस." मी तेवढाच गोंधळलेला असायचो, पण त्यांना तसं सांगवायचं नाही.

मोसमभर आम्ही हरलो. म्हणजे दोन जिंकलो, पण त्या दोन्ही वेळी मी बाहेर होतो. शेवटचा सामना लाल संघाशी होता आणि जिंकलो असतो तर निळे वाचले असते. ब्रेंडननं एकट्यानं पाच गोल केले. माझ्या हातात चेंडू चारदा आला. दोनदा सुटला, एकदा मी उलट्या दिशेनं पळालो, आणि एकदा मात्र असा वळलो की समोरचे दोघं एकमेकांवर आपटले. काका कडेवरून जोरात ओरडले. तोवर सामना हातचा गेला होता.

नंतर पार्किंगमध्ये ते निळे शर्ट मोजून पिशवीत भरत होते. मला राहवलं नाही. मी विचारलं, "काका, ब्रेंडनला घेतलं असतं तर टीम राहिली असती ना?"

"हो," ते म्हणाले.

मला वाटलं होतं ते नाही म्हणतील.

"म्हणजे चुकलंच ना?"

"चुकलंच. पण निवड माझी होती, तू का वाटून घेतोयस?" त्यांनी पिशवीची चेन लावली. "पुढच्या वर्षी खेळ. मध्येच सोडू नकोस."

मला तेव्हा फार रडू आलं. त्यांनी माझ्यात काय पाहिलं होतं, की नुसताच हट्ट केला होता, हे मी कितीदा तरी ठरवायचा प्रयत्न केला आहे. ठरत नाही.

त्याच हिवाळ्यात काका-काकू मेलबर्नला मुलीकडे कायमचे गेले. मला हिरव्या संघानं घेतलं. मी खेळत राहिलो, बरा म्हणण्याइतका झालो, आणि या वर्षी हिरव्यांचं मॅनेजरपद माझ्या गळ्यात पडलं. गेल्या मोसमात आम्ही तळाला होतो, त्यामुळे पहिली निवड आमची. नव्यांमध्ये एक मुलगा होता, नागपूरहून एमएस करायला आलेला, चेंडू हातात घेऊन त्याच्याकडे कोड्यात पडल्यासारखा बघत होता. मी पहिली पाळी देऊन टाकली आणि तयार खेळाडू घेतला. त्या मुलाला कुणीच घेतलं नाही, आणि तो पुन्हा आला नाही. आम्ही मोसम जिंकलो.

मी काकांना फोन केला. जरा घाबरतच सगळं सांगितलं.

"बरोबर केलंस," काका म्हणाले. "मीही आता तेच केलं असतं." ते मनापासून म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आणि त्या नागपूरच्या मुलाचं नाव काय रे?"

मी विचारलंच नव्हतं.