मालसुन मावशीची नऊ पोरं

फादर ग्योन यांनी दुकानाच्या दारातच विषय काढला आणि बांग मालसुनच्या हातातला डाव कढईत पडला. त्तोकबोक्कीच्या, म्हणजे तांदळाच्या तिखट वड्यांच्या, लालभडक रश्शाचे शिंतोडे थेट फादरांच्या पांढऱ्या कॉलरपर्यंत उडाले.

"मी? आणि पोरांना धर्मशिक्षण? फादर, सहावीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. शेवयांच्या कारखान्यात गेले ती गेलेच."

"शिकवणारा मुलगा सोलला निघून गेला," फादर कॉलर पुसत म्हणाले. "वर्गात नऊच पोरं उरलीत. रविवारी चर्चमध्ये मिस्साला येत नाहीत, पण तुमच्या दुकानात रोज येतात. मग वर्गच इथे भरवला तर?"

जेचॉनमधल्या एका शाळेसमोर मालसुनचं हे खाण्याचं दुकान एकवीस वर्षांचं होतं. शाळेतली यच्चयावत पोरं तिला 'मावशी' म्हणत. कोणाला तिखट सोसत नाही, कोण शिकवणी बुडवून आलंय, कोणाचं कोणाशी बिनसलंय, सगळं तिला ठाऊक. पण देवाबद्दल ती कधी कोणाशी बोलली नव्हती. तरी तिने फादरांना होकार दिला.

पहिल्या शनिवारी ती केस नीट बांधून, चष्मा लावून बसली आणि पुस्तकातलं वाचायला लागली. अडखळत, बोट ठेवून. पोरं मुकाट्याने खात होती. दुसरं पान उलटलं तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला.

"मावशी, हे तुम्ही खरंच मानता, की नुसतं वाचताय?"

प्यो हारम. पंधरा वर्षांची, काटकुळी, कोणाच्याही डोळ्याला डोळा भिडवणारी पोरगी. शेजारच्या गिसोकने तिला कोपराने ढोसलं, "गप की! मावशींनी खायला घालणं बंद केलं तर?"

मालसुनचे कान तापले. तिने पुस्तक मिटलं.

"कारखान्यात माझी दोन बोटं यंत्रात सापडली होती," ती म्हणाली आणि डावा हात पुढे केला. "तेहतीस वर्षांची होते. पदरात लेकरू. शेजारची बाई रोज यायची, माझे कपडे धुवायची आणि जायची. महिनाभर! शेवटी मीच विचारलं, बाई गं, तुला यातून मिळतं काय? ती म्हणाली, काही नाही, तुझी सोबत. ती चर्चमध्ये जायची. हिच्या देवाला एकदा बघून तरी येऊ म्हणून मी तिच्या मागोमाग गेले. बघायला गेले ती आजतागायत तिथेच आहे. मला एवढंच येतं. बाकीचं पुस्तकातलं आहे, ते तुमच्याबरोबर मीही शिकेन."

गिसोकने विचारलं, "बोटं दुखतात अजून?" आणि तिथून जी बोलणी सुरू झाली ती दुकान बंद करायची वेळ झाली तरी थांबेनात.

त्यानंतर वर्गाची रीतच ठरली. ज्याच्या मनात जो प्रश्न, तो त्याने बेधडक विचारायचा. आजी वारली ती बौद्ध होती, मग ती कुठे गेली? देव ऐकतो तर परीक्षेत का नाही ऐकत? मालसुन सरळ सांगायची, "मला नाही माहीत. चला, शोधू." मग फादरांना फोन, नाहीतर आपसात कडाक्याचं भांडण. पुढच्या शनिवारची तिला लहान पोरीसारखी ओढ लागायची.

हारम मात्र उन्हाळ्यात म्हणाली, "मावशी, शरद ऋतूत दृढीकरण आहे ना, सगळ्यांसमोर श्रद्धा कबूल करायची, ते मी नाही घेणार. मला खात्री नाही. खोटं खोटं हो म्हणणार नाही मी."

"नको म्हणूस," मालसुन म्हणाली. आतून चरकली होती, पण म्हणाली. "आमच्याबरोबर तीर्थाला चालायला तर येशील?"

ऑगस्टमध्ये नऊ पोरं आणि मावशी पायी निघाली. दोन दिवसांची वाट, डोंगरापलीकडच्या सोत्गोल दरीपर्यंत. छळाच्या काळात श्रद्धा लपवून, मडकी भाजून पोट भरणारे इथले पहिले ख्रिस्ती तिथे राहिले होते, तिथेच मारले गेले होते. पहिल्या दिवशी दुपारनंतर आभाळ फाटलं. ओढा पुलावरून वाहायला लागला. भिजून चिंब झालेली ती वरात एका खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्या बैठकघरात शिरली.

आत सहासात आज्या पत्ते कुटत बसल्या होत्या. त्यांनी पोरांना टॉवेल दिले, जमीन गरम करायचं बटण दाबलं, उकडलेली कणसं पुढे केली. मग पत्त्यांवरून मान वर करून सगळ्यांत थोरली ओक्बुन आजी म्हणाली, "असल्या पावसात कुठे निघालात? सहलीला?"

"तीर्थाला, आजी. आम्ही कॅथलिक आहोत," गिसोक म्हणाला.

"मी मंदिरात जाते. पण सत्तर वर्षांत कोणी मला सांगितलं नाही की तुम्ही लोक करता तरी काय. मार्क चांगले पडावेत म्हणून देवाला पायपिटीची लाच?"

आज्या खदखदून हसल्या. मालसुनने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात तिच्या मनात आलं, हा प्रश्न मला नाहीये. तिने तोंड मिटलं.

गिसोकने घडाघडा म्हणून दाखवलं, देव कोण, संस्कार किती. आजी कणीस चावत म्हणाली, "पाठ केलंयस. तुझं काय ते सांग." गिसोक लाल होऊन खाली बसला. बाहेर पन्हाळी धो धो वाहत होती.

"मला पण नीट माहीत नाही, आजी," हारम म्हणाली.

तिने हातातलं कणीस खाली ठेवलं.

"मी सोडायच्याच विचारात आहे. पण वसंतात माझी मैत्रीण शाळेत यायची बंद झाली. खोलीतून बाहेरच येईना. मी फोनसुद्धा केला नाही, भीती वाटली. मग एक दिवस रिकाम्या चर्चमध्ये जाऊन देवाशी भांडले. मोठमोठ्याने! तू काही करत का नाहीस म्हणून. आणि ओरडता ओरडता वाटलं, तो हाच प्रश्न मला विचारतोय. दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारात जाऊन बसले. चार दिवस बसले, तेव्हा तिने दार उघडलं. एवढी हिंमत माझी नव्हती, आजी. ती कुठून आली असं कोणी विचारलं तर मला येशूचंच नाव सुचतं. दुसरं सुचत नाही."

ओक्बुन आजीने पत्ते खाली ठेवले. "भांडलीस? देवाशी?"

"हो."

"मग खरा असेल बाई. खोट्याशी कोण भांडत बसतंय? मीही बुद्धाशी भांडते, या गुडघ्यांवरून." तिने पाय लांब केले. "माझा तर ऐकून ऐकून कंटाळलाय. तुझ्याला सांगून बघ."

पोरं हसत सुटली, पण हारम खरंच पुढे सरकली. तिने आजीच्या गुडघ्यांवर हात ठेवले आणि सरळ साध्या शब्दांत मागितलं. बाकीची आठ पोरं कोणी न सांगता भोवती गोळा झाली. मग आज्या म्हणाल्या गाणं म्हणा, पोरांनी गाणं धरलं; आज्यांनी टाळ्यांचा ठेका असा धरला की भजनाचा नाचच झाला! गिसोक एका आजीबरोबर गरगर फिरत होता. मालसुनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

सकाळी लख्ख ऊन पडलं. ओढा उतरला. कालपर्यंत पाय ओढत चालणारी पोरं आज बोलतच होती, एकमेकांचं बोलणं तोडत. मला विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, तू काय सांगितलं असतंस! शेवटच्या चढावरून दरी दिसली तशी कोणीतरी आरोळी ठोकली आणि सगळी धावत सुटली. अठ्ठावन्न वर्षांची मालसुनही पिशवी सावरत त्यांच्यामागे धावली.

हारमने त्या वर्षी दृढीकरण घेतलं नाही. पुढच्या वर्षी घेतलं आणि धर्ममाता म्हणून मालसुनला उभं केलं. पण त्याआधीच, दरीतून परतल्यावरच्या पहिल्याच शनिवारी, दुकानात सहा नवी धरून पंधरा पोरं आली. नव्यांतल्या चौघांचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. नऊ जणांनी शाळेत जे काही सांगितलं होतं ते ऐकूनच ती आली होती. बसायला जागा पुरेना.

मालसुनने फोन उचलला. "फादर, चर्चमधले दोन बाक पाठवा. आणि तुम्हीही या, लवकर! इथे एक पोरगी असं काही विचारतेय की तुमचीसुद्धा भंबेरी उडेल!"