बाबलच्या छातीवरची गाठ

गोवा मुक्त होऊन दहाएक वर्षं झाली होती. मी पेडण्याचा, हवालदार. बाबल गावस लाटंबार्सेचा, लान्स नायक. आसामातल्या पोस्टवरून आम्ही दोघं रजेवर निघणार होतो. रजेत बाबलचं गावातल्याच शेवंताशी लग्न ठरलं होतं.

पोस्टवर दर महिन्याला मेडिकल इन्स्पेक्शन. उघड्या अंगानं रांगेत उभं राहायचं. बाबलनं तीन महिने खांद्यावरून टॉवेल सोडून छातीवरची सुपारीएवढी गाठ लपवली. दाखवली तर बोर्ड आउट करतील, म्हणजे अनफिट ठरवून कायमचं घरी पाठवतील, ही धास्ती! शेवटी मीच टॉवेल ओढला. काय शिव्या घातल्या मी त्याला!

डॉक्टर कॅप्टनसाहेबांनी गाठ चाचपली. म्हणाले, "कॅन्सर असू शकतो." गोव्यातल्या मिलिटरी हॉस्पिटलसाठी चिठ्ठी दिली. तिथं ऑपरेशन ठरलं, सोमवारी ०८०० वाजता.

रविवारी सकाळी बाबल म्हणाला, "शेवंताक सांगून ये. लगीन मोडला."

"मी नाय सांगूचंय."

"ऑर्डर समज."

"तू लान्स नायक, मी हवालदार. ऑर्डर कोण देता रे?"

तो हसला नाही. मग गेलो बापडा लाटंबार्सेला.

शेवंता अंगणात काजूबिया वाळत घालत होती. सगळं ऐकलं, हात थांबवला नाही. म्हणाली, "त्येंका सांगा, लगीन मोडूचा नाय. जितके दिवस असतले, तितके माझे."

संध्याकाळी हे ऐकून बाबल भिंतीकडे तोंड करून रडला. मीही रडलो, लपवत नाही.

सोमवारी ०९४० वाजता सर्जन मेजरसाहेब बाहेर आले. हातात बाटली, आत पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा. "कॅन्सर नाही. कुत्र्याच्या अंगातला जंत आहे. डास चावून माणसात येतो. काढला, संपलं." अहो, पोस्टवरचा भटका कुत्रा बाबलच्याच खाटेखाली झोपायचा! मी साहेबांना सॅल्यूट ठोकायचंही विसरलो.

लग्न त्याच महिन्यात लागलं.

तीन वर्षांनी सीमेवर पेट्रोलिंगला असताना, सकाळी ०६१५ वाजता, बाबलला गोळी लागली. वायरलेसवर मीच होतो. "वन कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर." हेलिकॉप्टर येईपर्यंत तो थांबला नाही.

मी लाटंबार्सेला गेलो तेव्हा तार आधीच पोचली होती. दारातच मला रडू फुटलं. शेवंताच्या मांडीवर मुलगी झोपली होती. तिनं मुलीच्या अंगावर पदर ओढला.

मग म्हणाली, "तीन वर्सां बरो संसार केलो आमी. आता तुमी रडू नकात, भाऊ."